एका बटणामागची पाच कामं: स्क्रिप्टमध्ये किती ठेवायची, मल्टी अ‍ॅक्शनमध्ये किती?

तुमचा प्रश्न मला असा समजला. सॅप अ‍ॅनालिटिक्स क्लाउडमध्ये (सॅपचं अहवाल आणि नियोजनाचं सॉफ्टवेअर) तुमची एक प्लॅनिंग स्टोरी (आकडे बघण्या-भरण्याचं पान) आहे, तिच्यावर ‘फोरकास्ट तयार करा’ असं बटण आहे आणि त्याच्या क्लिकवर तुम्ही स्क्रिप्ट लिहिली आहे. ती एकामागून एक पाच डेटा अ‍ॅक्शन, म्हणजे आकडे कॉपी करणारी किंवा गणित करून लिहिणारी आधीच बांधलेली कामं, चालवते. आधी बंद झालेल्या महिन्यांचे अ‍ॅक्च्युअल (प्रत्यक्ष) आकडे फोरकास्टमध्ये (पुढच्या अंदाजात) आणते, मग विक्रीच्या संख्येवरून महसूल काढते, मग पगारवाढ लावते, मग सामाईक खर्च विभागांवर वाटते आणि शेवटी सगळं फायनान्सच्या वेगळ्या मॉडेलमध्ये, म्हणजे आकड्यांच्या साठ्यात, नेते. त्यानंतर पब्लिश, म्हणजे बदल सगळ्यांना दिसतील असे पक्के करणं. एरवी हे सुरळीत होतं, पण कधीतरी तिसऱ्या-चौथ्या पायरीला, कुठेही एरर न दिसता, गाडी अडते, कोणीतरी पुन्हा बटण दाबतं आणि पगाराचे आकडे फुगलेले दिसतात. स्क्रिप्टमध्येच एरर पकडण्याची सोय वाढवावी की सगळं मल्टी अ‍ॅक्शनमध्ये (अनेक डेटा अ‍ॅक्शन ओळीने चालवणारी साखळी) हलवावं, हा तुमचा मुख्य प्रश्न. आणि जाता जाता विचारलंय की हे रात्री आपोआप चालेल का.

‘मल्टी अ‍ॅक्शनकडे जा’ एवढं सांगून मोकळं होता आलं असतं आणि ते चूकही ठरलं नसतं. पण नुसतं तेवढंच केलंत तर फुगलेले आकडे मल्टी अ‍ॅक्शनमधूनही तसेच्या तसे येतील. तुमची अडचण साखळी कुठे लिहिली आहे ही नाहीच मुळी. साखळीतल्या पायऱ्या दुसऱ्यांदा चालवण्याजोग्या नाहीत, ही आहे. कुठलीही अनेक पायऱ्यांची प्रक्रिया कधी ना कधी मध्येच थांबणार. नेटवर्क जाईल, एखादं पॅरामीटर (चालवताना द्यायची किंमत, जसं महिना किंवा विभाग) रिकामं राहील, कोणाचे अधिकार बदललेले असतील. थांबल्यावर माणूस एकच गोष्ट करतो: बटण पुन्हा दाबतो. ते त्याने निर्धास्तपणे करावं अशी रचना हवी. म्हणून आधी पायऱ्यांबद्दल बोलतो, मग साखळीबद्दल आणि मग स्क्रिप्टबद्दल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. बटण एकच मध्यवर्ती प्लॅनर दाबतो की प्रत्येक विभागाचा माणूस आपापल्या भागासाठी दाबतो? दोन पायऱ्यांच्या मध्ये माणसाने आकडे पाहून ‘ठीक आहे, पुढे चला’ म्हणायचं असतं का? मॉडेल दोनच आहेत की आणखी येणार आहेत? वर्णनावरून मी असं धरलंय की बटण दाबणारे अनेक आहेत, मध्ये कोणी थांबत नाही आणि मॉडेल दोनच आहेत. यातलं काही वेगळं असेल तर पुढचा काही भाग तुम्हाला लागू होणार नाही. जिथे तसं आहे तिथे सांगेन.

आता पगारवाढीची पायरी घ्या, कारण तुमचा आकडा तिथेच फुगतोय. बहुधा तुमच्या अ‍ॅडव्हान्स्ड फॉर्म्युलामध्ये (डेटा अ‍ॅक्शनमधली स्वतः लिहायची गणिताची पायरी) असं काहीतरी असेल: पगाराच्या खात्यावरचा आकडा वाच, त्याला १.०८ ने गुण आणि त्याच खात्यावर परत लिही. मूळ पगार १०० असेल तर पहिल्यांदा १०८ येतात. बरोबर. आता चौथी पायरी अडली आणि कोणीतरी पुन्हा बटण दाबलं. या वेळी वाचलेला आकडा १०८ आहे, म्हणून उत्तर ११६.६४. तिसऱ्यांदा दाबलं तर १२५.९७. फॉर्म्युल्यात चूक नाही, सिस्टिममध्येही नाही. पायरीने आपलाच निकाल पुन्हा आपला कच्चा माल म्हणून वाचला. यावर स्क्रिप्टमध्ये कितीही तपासण्या लावल्या तरी उपयोग नाही, कारण आज पगारवाढ लागली आहे की नाही हे आकड्याकडे बघून स्क्रिप्टला कळणारच नाही.

माझ्या कामात यावरचा उपाय नेहमी एकच असतो. मॉडेलमध्ये ‘आकडा कुठून आला’ हे सांगणारं एक छोटं डायमेन्शन (आकड्यांची वर्गवारी) ठेवायचं. बीपीसीवर (सॅपचं आधीचं नियोजनाचं सॉफ्टवेअर) काम केलेल्यांना ही सवय असते. तिथे याला ऑडिट ट्रेल किंवा डेटासोर्स म्हणायचे. त्यात मोजके मेंबर (वर्गवारीतल्या नोंदी) पुरतात: आयात, हाताने भरलेलं, पगारवाढ, वाटप, समायोजन. मग नियम असा की प्रत्येक पायरी फक्त आपल्या एका मेंबरवर लिहील, आणि लिहिण्याआधी तोच मेंबर, तेवढ्याच महिन्यांसाठी आणि तेवढ्याच विभागासाठी, पुसून टाकेल. पगारवाढीची पायरी ‘हाताने भरलेलं’मधून १०० वाचते आणि ‘पगारवाढ’वर ८ लिहिते. बेरीज १०८. दहा वेळा चालवा, ‘पगारवाढ’वर ८ च राहतील, कारण दर वेळी आधीचे ८ पुसले जातात आणि वाचायची जागा वेगळी आहे.

याचा दुसरा फायदा कोणी विकत मागितला तरी मी देणार नाही. आकडा चुकला की तो कुठल्या पायरीत चुकला हे टेबलमध्ये एक डायमेन्शन उघडलं की दिसतं. नाहीतर पाच पायऱ्यांचं मिश्रण झालेल्या एका आकड्याकडे बघत बसायचं आणि ‘हे कोणी केलं’ यावर बैठक घ्यायची.

पुसताना एक खबरदारी घ्या. अ‍ॅडव्हान्स्ड फॉर्म्युलामध्ये डिलीटची आज्ञा आहे आणि ती तुम्ही मेंबरसेटने (कुठले मेंबर घ्यायचे ते सांगणारी आज्ञा) आखलेल्या हद्दीतलं सगळं पुसते. म्हणून पुसण्याची हद्द आणि लिहिण्याची हद्द एकच आहे ना, हे डोळ्यांनी वाचून खात्री करा. लिहिताय जुलै ते डिसेंबर आणि पुसताय पूर्ण वर्ष, असं झालं तर पहिल्या सहा महिन्यांचे आकडे गुपचूप जातील आणि डेटा अ‍ॅक्शन हिरवी खूण दाखवेल. हद्द पॅरामीटरमधून येत असेल तर दोन्हीकडे तेच पॅरामीटर वापरा. एकीकडे पॅरामीटर आणि दुसरीकडे हाताने लिहिलेला महिना, हे मिश्रण आज चालतं आणि पुढच्या तिमाहीत गळ्याशी येतं.

पहिल्या पायरीत, म्हणजे अ‍ॅक्च्युअल आणण्यात, हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. कॉपी करताना आधीच्या आकड्यात भर घालायची की तो बदलून नवा लिहायचा, हे तुम्ही कसं ठेवलंय ते बघा. भर घालण्यावर असेल तर ५०० दुसऱ्या वेळी १,००० होतात. बदलून लिहिणं हीच इथे योग्य निवड, पण तिलाही एक छिद्र आहे. समजा गेल्या वेळी एखाद्या कॉस्ट सेंटरवर (खर्च नोंदवायच्या घटकावर) आकडा होता आणि आता मूळ अ‍ॅक्च्युअलमधून ती नोंद दुसरीकडे हलवली गेली. नवीन कॉपीत त्या कॉस्ट सेंटरसाठी काहीच येत नाही. अशा वेळी फोरकास्टमधला जुना आकडा हटतोय की तसाच बसून राहतोय, हे तुमच्या मॉडेलवर एकदा मुद्दाम करून पाहा. मी या भरवशावर न राहता आधी पुसतो आणि मग कॉपी करतो. एक पायरी वाढते, पण शंका उरत नाही.

वाटपाच्या पायरीत तर दोन सापळे आहेत. समजा मध्यवर्ती आयटी खर्च १,२०० आहे आणि तो कर्मचारीसंख्येवर तीन विभागांत वाटायचा आहे: १०, २० आणि ३० माणसं. वाटणी २००, ४०० आणि ६०० अशी होते. मूळ कॉस्ट सेंटरवरचे १,२०० तसेच राहिले तर कंपनीची बेरीज २,४०० दिसेल, म्हणून मूळ जागी उणे १,२०० ची नोंद हवी. हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरा सापळा असा की वाटपाचा स्रोत ‘आयटी खर्चाचं खातं, सर्व कॉस्ट सेंटर’ असा सैल आखलेला असतो. मग दुसऱ्या वेळी आधीच वाटलेले आकडेही स्रोतात येतात. स्रोत ‘मध्यवर्ती कॉस्ट सेंटर, आणि वाटप सोडून बाकीचे मेंबर’ इतका घट्ट आखा. आणि ती उणे नोंदसुद्धा ‘वाटप’ मेंबरवरच जाऊ द्या, म्हणजे पुसताना दोन्ही बाजू एकदम जातात.

महसुलाच्या पायरीबद्दल फार बोलत नाही. संख्या गुणिले दर हे वेगळ्या खात्यांवरून वाचून तिसऱ्यावर लिहिलं जातं, त्यामुळे ती मुळातच पुन्हा चालवण्याजोगी असते. फक्त हद्द लहान ठेवा, आणि रिकाम्या सेलसाठी गणना नको असेल तर अनबुक्ड डेटा तयार करण्याची सेटिंग बंद करा. वेळेत फरक पडतो.

पायऱ्या अशा झाल्या की साखळीचा प्रश्न बराच सोपा होतो. डेटा अ‍ॅक्शन आणि मल्टी अ‍ॅक्शन यांच्यातला फरक नीट लक्षात घ्या, कारण नावं जवळची असली तरी वागणूक वेगळी आहे. एका डेटा अ‍ॅक्शनमध्ये अनेक पायऱ्या ठेवता येतात: कॉपी, दुसऱ्या मॉडेलमधून कॉपी, अ‍ॅडव्हान्स्ड फॉर्म्युला, वाटप, चलन रूपांतर, आणि एका डेटा अ‍ॅक्शनच्या पोटात दुसरी. पण लिहिणं होतं ते एकाच मॉडेलमध्ये. दुसऱ्या मॉडेलमधून कॉपी करण्याची पायरी आकडे आपल्याकडे ओढते, दुसरीकडे ढकलत नाही. म्हणून फायनान्स मॉडेलमध्ये लिहिणारी डेटा अ‍ॅक्शन ही फायनान्स मॉडेलवरच बांधलेली असावी लागते. आणि मल्टी अ‍ॅक्शन या वेगवेगळ्या मॉडेलवरच्या डेटा अ‍ॅक्शन ओळीने चालवते, मध्ये व्हर्जन (आकड्यांची आवृत्ती, जसं फोरकास्ट) पब्लिश करते, डेटा आयातीचं काम किंवा प्रेडिक्टिव्हची पायरीही मध्ये ठेवू देते, आणि बाहेरच्या सिस्टिमला एपीआयने हाक मारायची असेल तर तीही सोय तिच्यात आहे.

यावरून तुमच्या पाच डेटा अ‍ॅक्शनची विभागणी अशी होईल. पहिल्या चार एकाच मॉडेलवर आहेत आणि त्यांच्यामध्ये कोणी थांबत नाही. मग त्या चार वेगळ्या हाका कशाला? एका डेटा अ‍ॅक्शनच्या चार पायऱ्या करा. (बटण दाबणारे अनेक असतील तर वाटप यातून वेगळं काढायचं, ते शेवटी सांगतो.) डेटा अ‍ॅक्शन मध्येच फसली तर तिचं अर्धवट लिहिलेलं टिकत नाही. चारही होतात किंवा एकही होत नाही. निम्म्याअधिक तक्रारी इथेच संपतील. त्यानंतर मल्टी अ‍ॅक्शनमध्ये तीन-चारच गोष्टी उरतात: ही एकत्र केलेली डेटा अ‍ॅक्शन, मूळ मॉडेलचं पब्लिश, फायनान्स मॉडेलवरची डेटा अ‍ॅक्शन, आणि फायनान्स मॉडेलचं पब्लिश. मल्टी अ‍ॅक्शनमध्ये मात्र ‘सगळं किंवा काहीच नाही’ हे नाही. पहिलं पब्लिश झाल्यावर तिसरी पायरी फसली तर पब्लिश झालेलं परत येत नाही. म्हणून पुन्हा चालवण्याजोगेपणाबद्दल मी वर इतकं घोळवून सांगितलं.

दोन मॉडेलच्या मधलं पब्लिश काही जण ‘शेवटी एकदमच करू’ म्हणून गाळतात. मी गाळत नाही. पब्लिक व्हर्जनवर (सगळ्यांच्या सामाईक आवृत्तीवर) तुम्ही किंवा तुमच्या डेटा अ‍ॅक्शनने काही बदललं की पब्लिश होईपर्यंत ते बदल फक्त तुम्हाला दिसतात. पुढच्या मॉडेलने वाचावेत ते पक्के, सगळ्यांना दिसणारे आकडे. नाहीतर दोन मॉडेलची बेरीज जुळत नाही आणि कोणाच्या स्क्रीनवर काय दिसतंय यावर वाद होतो.

तुमच्या मॉडेलांना एकच महिना आणि एकच विभाग लागत असेल तर मल्टी अ‍ॅक्शनमध्ये क्रॉस मॉडेल पॅरामीटर करा आणि ते आतल्या डेटा अ‍ॅक्शनच्या पॅरामीटरना जोडा. स्क्रिप्टला एकदाच किंमत द्यावी लागते. पॅरामीटरची पातळी आणि एकच मेंबर की अनेक, हेही तिथेच बांधून टाका. कोणी चुकून पूर्ण वर्ष निवडलं तर ते स्क्रिप्टमध्ये पकडण्यापेक्षा पॅरामीटरनेच नाकारलेलं बरं.

इथे कोणीतरी म्हणेल, हे सगळं स्क्रिप्टमध्येही करता येतंच की. येतं. पण स्क्रिप्ट वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते. दुसरी डेटा अ‍ॅक्शन सुरू असताना त्याने टॅब बंद केला, लॅपटॉप झाकला किंवा लॉगिनची मुदत संपली, तर ती सुरू झालेली डेटा अ‍ॅक्शन सर्व्हरवर पूर्ण होईलही, पण तिसरीला हाक मारणारी ओळ चालवायला कोणी उरत नाही. ‘मधूनच कधीतरी अडतं आणि कुठेही एरर दिसत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, त्यामागे हे असण्याची शक्यता मोठी आहे. मल्टी अ‍ॅक्शनची साखळी सर्व्हरवर असते, त्यामुळे ब्राउझरचं आयुष्य आणि साखळीचं आयुष्य वेगळं होतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या स्क्रिप्टमध्ये आत्ताच तपासा. डेटा अ‍ॅक्शन चालवण्याच्या दोन पद्धती आहेत. साधी पद्धत काम संपेपर्यंत स्क्रिप्टला थांबवून ठेवते आणि निकाल हातात देते. पार्श्वभूमीत चालवण्याची पद्धत काम सर्व्हरकडे सोपवून लगेच पुढच्या ओळीवर जाते. निकाल नंतर स्थिती बदलल्याच्या इव्हेंटमधून कळतो. स्क्रीन अडकून राहते म्हणून कोणी एखाद्या ओळीत दुसरी पद्धत वापरली असेल, तर वाटपाची पायरी पगारवाढ संपायच्या आधीच सुरू होऊ शकते. असं झालं की आकडे रोज वेगळे चुकतात, आणि अशी चूक शोधणं फार त्रासाचं. पार्श्वभूमीत चालवायचंच असेल तर पुढची हाक त्या इव्हेंटच्या आत, आणि तीही स्थिती यशस्वी असेल तरच.

आतापर्यंतचं थोडक्यात: प्रत्येक पायरी आपल्या मेंबरवरच लिहील आणि आधी तोच पुसेल, एकाच मॉडेलच्या पायऱ्या एका डेटा अ‍ॅक्शनमध्ये, मॉडेल ओलांडायचं आणि पब्लिश करायचं काम मल्टी अ‍ॅक्शनकडे. मग स्क्रिप्टला काय उरतं? माणसाशी बोलणं. आणि ते काम मोठं आहे.

बटण दाबल्यावर माझी स्क्रिप्ट साधारण या क्रमाने जाते. आधी बटण निष्क्रिय करायचं, नाहीतर अधीर माणूस तीनदा दाबतो. मग टेबलमध्ये टाइप केलेले पण सबमिट न झालेले आकडे सबमिट करायचे. नाहीतर वापरणाऱ्याला स्क्रीनवर नवा वाढीचा दर दिसतो आणि गणना जुन्या दराने होते. मग ज्या पब्लिक व्हर्जनवर लिहायचं आहे तिच्यात या माणसाचे आधीचेच अप्रकाशित बदल पडून आहेत का ते पाहायचं. व्हर्जनला हे विचारण्याची सोय स्क्रिप्टमध्ये आहे. ही तपासणी फार कमी ठिकाणी दिसते, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. कारण साखळीच्या शेवटी पब्लिश झालं की फक्त साखळीचे आकडे पब्लिश होत नाहीत. त्या माणसाने सकाळी ‘सहज बघू’ म्हणून केलेले प्रयोगही सोबत जातात. असे बदल सापडले तर स्क्रिप्ट थांबते आणि विचारते: हे पब्लिश करायचे, टाकून द्यायचे, की आत्ता काहीच नको?

त्यानंतर पॅरामीटर. ड्रॉपडाउन किंवा इनपुट कंट्रोलमधून विभाग आणि महिना घ्यायचा, काहीच निवडलेलं नसेल तर तिथेच थांबायचं. पॅरामीटरला दिसणारं नाव द्यायचं नसतं, मेंबरचा आयडी द्यायचा असतो. व्हर्जनच्या बाबतीत तर आयडीमध्ये ती पब्लिक आहे की प्रायव्हेट हेही असतं. ‘फोरकास्ट’ एवढंच दिलं आणि काही झालं नाही, ही तक्रार मी सतत ऐकतो. तारखेचंही तसंच: पडद्यावर ‘जुलै’ दिसतं, पण आयडी वेगळा असतो आणि त्यात हायरार्कीही (वर्ष-तिमाही-महिना ही उतरंड) येते. हे आयडी स्क्रिप्टमध्ये हाताने टाइप करू नका. निवडलेल्या मेंबरकडून किंवा व्हर्जनकडूनच मागून घ्या. मग पुढच्या वर्षी हायरार्की बदलली तरी स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही.

मग एक छोटी खात्रीची खिडकी: कुठला विभाग, कुठला महिना, कुठली व्हर्जन. तिघांची नावं स्पष्ट दिसू द्या, नुसतं ‘तुम्हाला खात्री आहे का’ असं विचारू नका. त्याला कोणीही न वाचता हो म्हणतं. होकार आला की काम चालू असल्याची खूण दाखवायची, मल्टी अ‍ॅक्शन चालवायची आणि परत आलेली स्थिती तपासायची. यशस्वी असेल तर डेटा ताजा करून संदेश. नसेल तर कुठे बघायचं ते सांगणारा संदेश. आणि दोन्ही वाटांवर बटण पुन्हा सक्रिय करणं आणि ती खूण काढणं आलं पाहिजे. अपयशाच्या वाटेवर ते राहून गेलं की वापरणाऱ्यापुढे न संपणारं चक्र फिरत राहतं, तो वैतागून टॅब बंद करतो आणि तुम्हाला फोन करतो.

एवढंच. माझ्या मते या बटणाची स्क्रिप्ट एका स्क्रीनमध्ये मावली पाहिजे. तिच्यात एकही आकड्याचं गणित दिसलं, तर ते गणित चुकीच्या जागी आहे.

आता यशस्वी म्हणजे काय, यावर थोडं. मल्टी अ‍ॅक्शन ‘यशस्वी’ म्हणाली याचा अर्थ सगळं लिहिलं गेलं असा नाही. डेटा अ‍ॅक्शन चालवणाऱ्याच्या अधिकारांत चालते. एखाद्या विभागावर त्याला लिहिण्याचा हक्क नसेल तर तिथे काही लिहिलं जाणार नाही, आणि यात एररसारखं काही दिसेलच असं नाही. डेटा लॉकचंही असंच: लॉक असलेल्या भागातले बदल गाळले जातात आणि पब्लिश करताना इशारा येतो. मल्टी अ‍ॅक्शनच्या पब्लिशच्या पायरीत इशारे आले तरी पुढे जाण्याचा पर्याय असतो. रोजच्या वापरासाठी तो चालू ठेवावाच लागतो, नाहीतर एका लॉक केलेल्या महिन्यासाठी सगळी साखळी थांबते. पण मग इशारा कोणी बघत नाही. म्हणून मी स्टोरीच्या कोपऱ्यात एक साधं पडताळणी टेबल ठेवतो: मूळ मॉडेलची बेरीज, फायनान्स मॉडेलची बेरीज आणि दोन्हींतला फरक. वाटपासाठी आणखी एक ओळ, ‘वाटप’ मेंबरची एकूण बेरीज. उणे आणि अधिक दोन्ही त्याच मेंबरवर असल्यामुळे ती शून्य आली पाहिजे. शून्य नसेल तर कुठला तरी विभाग गळला आहे.

याच कारणामुळे ‘माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे नाही’ ही तक्रार आली की आधी स्क्रिप्ट उघडू नका. त्या माणसाला मल्टी अ‍ॅक्शन चालवण्याचा, आतल्या प्रत्येक डेटा अ‍ॅक्शनचा आणि दोन्ही मॉडेलांवर लिहिण्याचा अधिकार आहे का, ते पाहा. आतल्या पायऱ्यांचे आकडे संशयास्पद असतील तर अ‍ॅडव्हान्स्ड फॉर्म्युलाच्या ट्रेसिंगमध्ये ठरावीक जागी थांबून मधले आकडे बघता येतात. चाचणीसाठी फोरकास्टची एक प्रायव्हेट कॉपी करा, एक विभाग आणि एक महिना घ्या, आणि डेटा अ‍ॅक्शन सलग दोनदा चालवा. दोन्ही वेळा आकडे तेच आले तर पायरी पास. ही चाचणी मी प्रत्येक पायरीसाठी वेगळी करतो, साखळी बांधायच्या आधी.

अनेक जण एकाच वेळी बटण दाबतात, त्याचं काय? प्रत्येक जण आपल्याच विभागासाठी चालवत असेल तर फारसं बिघडत नाही, कारण पब्लिश करताना बदललेले सेलच जातात. दोघांनी एकाच सेलला हात लावला असेल तर नंतर पब्लिश करणाऱ्याचा आकडा उरतो. अडचण होते ती वाटपाची. तो खर्च सगळ्यांना लागतो, त्यामुळे तो प्रत्येकाच्या बटणामागे असूच नये. तुमच्याकडे बटण दाबणारे अनेक असतील तर वाटप आणि फायनान्स मॉडेलकडे नेणं ही दोन कामं विभागांच्या बटणातून काढा आणि मध्यवर्ती प्लॅनरच्या वेगळ्या मल्टी अ‍ॅक्शनमध्ये ठेवा. एकच माणूस चालवणार असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आणि रात्रीचं. होय, चालतं, आणि त्यासाठी स्क्रिप्टची गरजच नाही, ब्राउझरचीही नाही. कॅलेंडरमध्ये मल्टी अ‍ॅक्शनचं टास्क करा, त्याला पुनरावृत्ती द्या, आणि आधी डेटा आयात संपायला हवी असेल तर टास्क एकमेकांवर अवलंबून ठेवता येतात. वरची मध्यवर्ती मल्टी अ‍ॅक्शन यासाठी अगदी योग्य. स्क्रिप्टमधल्या तपासण्या मात्र इथे चालत नाहीत, कारण स्क्रिप्टच चालत नाही. म्हणून डेटाच्या शुद्धतेसाठी जे अत्यावश्यक आहे ते सगळं डेटा अ‍ॅक्शनमध्ये असायला हवं.

दोन गोष्टी आधी ठरवा. एक, महिना. टास्कमध्ये पॅरामीटरला एखादा महिना पक्का निवडून ठेवलात तर पुढच्या महिन्यात तो आपोआप सरकत नाही. टास्क रोज रात्री इमानेइतबारे जुनाच महिना पुन्हा काढेल आणि मॉनिटरवर सगळं हिरवं दिसेल. महिना बंद करण्याच्या कामांच्या यादीत ‘टास्कचा महिना बदला’ ही ओळ कोणाच्या तरी नावाने घाला. दोन, मालक. टास्क कोणाच्या नावावर आहे यावर त्याचे अधिकार ठरतात. त्या माणसाची बदली झाली किंवा त्याचा डेटावरचा हक्क कमी केला गेला, की साखळी एखाद्या रात्री अर्धा डेटा गाळून बसते. म्हणून ते टास्क सगळ्या विभागांवर लिहिण्याचा हक्क असलेल्या आणि प्लॅनिंगसाठीच राखून ठेवलेल्या खात्यावर करा, आणि लॉक कधी लागतात ते वेळापत्रक त्या टास्कच्या वेळेशी ताडून पाहा.